बेळगावहून परदेशी जाताना : दोन-तीन विमानं बदलण्याचा प्रवास कसा आखावा

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी जाणारं विमान नाही. त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इथल्या माणसाला टोरांटो किंवा म्युनिक गाठायचं असेल, तर मुंबईकर जिथं एक विमान बदलतो तिथं आपण दोन बदलतो. मुलगा अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात राहत असेल तर तीन. दर बदलाला नवी रांग, नवी तपासणी, नवं टर्मिनल. आणि मागचं विमान रखडलं की पुढचं डोळ्यांदेखत निघून जातं. आपल्या भागातून हा प्रवास करणाऱ्यांत मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला निघालेले साठी-सत्तरीतले आईवडील खूप दिसतात. त्यांच्यासाठी आणि त्यांचं तिकीट काढणाऱ्या मुलांसाठी हे लिहितो आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. विमान बदलण्याचा बहुतेक त्रास तिकीट काढतानाच ठरून गेलेला असतो. म्हणून प्रवासातल्या प्रत्येक जोडाला, म्हणजे विमान बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणाला, एकच प्रश्न विचारायचा : इथं पुढचं विमान चुकलं तर माझी सोय कुणी करायची? विमान कंपनीनं की मी स्वतः? उत्तर ‘मी स्वतः’ असं आलं, तर त्या जोडाला वेळ, पैसे आणि रात्रीचा मुक्काम वेगळा राखून ठेवायचा.

पायरी १ : घरापासून पहिल्या मोठ्या विमानतळापर्यंत

आपल्या भागातून निघणाऱ्या माणसानं प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजावा, कारण सगळ्यात कच्चा टप्पा हाच आहे.

सांब्र्याहून मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांकडं विमानं जातात, पण मोजकी. एखादं रद्द झालं की त्याच शहराकडं पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशीच. पावसाळ्यात ढग खाली उतरले तर विमान न उतरताच परत फिरतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं असतं आणि तिथून येणारं विमान उशिरा आलं की आपलंही उशिरा निघतं. याच कारणासाठी हिवाळ्यात दिल्लीमार्गे जाणं मी शक्यतो टाळायला सांगतो.

सांब्र्याहून कुठं उतरायचं हे भाड्याइतकंच टर्मिनल पाहून ठरवा. हैदराबादला शमशाबादच्या विमानतळावर देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही एकाच इमारतीत आहेत. आईवडील एकटे जाणार असतील तर माझी पहिली पसंती हीच. बेंगळुरूला परदेशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात आणि देशांतर्गत विमान टर्मिनल १ लाही उतरू शकतं. मध्ये बस आहे, अंतरही फार नाही, पण बाहेर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं. मुंबईला जास्त जपायचं. परदेशी विमान सहारच्या टी-२ वरून असेल आणि तुम्ही सांताक्रूझच्या टी-१ ला उतरलात, तर वळसा घालून रस्त्यानं जावं लागतं. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिथं उतरून सहारला जायचं म्हणजे शहराच्या गर्दीतून बराच वेळ मोडतो. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून समाधान मानू नका, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा.

दुसरा रस्ता गोव्याचा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, दाभोळी आहेच. गोव्याहून आखाती शहरांकडं थेट विमान मिळालं तर देशातला एक जोड वाचतो. त्याच्या बदल्यात घाट येतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, आंबोलीवरून सावंतवाडी, नाहीतर खानापूर-लोंढा-रामनगरवरून अनमोड. जून ते सप्टेंबर या तिन्हींवर दरड, पडलेलं झाड, उलटलेला ट्रक, काहीही आडवं येऊ शकतं. पावसाळ्यात गोव्याचं विमान असेल तर आदल्या दिवशी गोव्यात पोचून तिथंच झोपावं. चोर्ल्याचा रस्ता खचला म्हणून ऐन वेळी आंबोलीकडं वळण्यात गेलेला वेळ विमान कंपनी मोजत नाही.

तिसरा रेल्वेनं बेंगळुरू. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस जुनीच आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारतही सुरू झाली आहे. ती पहाटे निघून दुपारी पोचते, आठवड्यातून एक दिवस ती नसते. मध्यरात्रीच्या परदेशी विमानासाठी ही वेळ छान जुळते. फक्त स्टेशनपासून देवनहळ्ळीचा विमानतळ साधारण ३५ किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याला दोन तासही लागतात. विमानतळाची वायुवज्र बस स्वस्त पडते, तिच्यात सामानालाही जागा असते.

चौथा म्हणजे हायवेनं मुंबई. पावसाळ्यात या रस्त्याचा भरवसा धरू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी रस्त्यावर येऊन हा हायवे बंद पडला होता. शिवाय कोल्हापूर-सातारा पट्ट्यातली रुंदीकरणाची कामं आणि द्रुतगती मार्गाच्या घाटातली कोंडी आहेच. बेळगावहून मुंबईला दहा तास धरायचे आणि वर चार तास शिल्लक ठेवायचे.

यात आपल्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती बाहेरच्या कुठल्या प्रवासपुस्तिकेत सापडणार नाही. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी बसगाड्या सीमेवर थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये हे झालं, फेब्रुवारी २०२५ मध्येही झालं. अशा वेळी कोगनोळी नाक्यापर्यंत एक गाडी आणि पलीकडून दुसरी, अशी सोय करावी लागते. पलीकडच्या बाजूला, कागल किंवा कोल्हापूरला, कुणा नातेवाइकाचा नंबर आणि एका टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच लिहून ठेवा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची मिरवणूक आणि काळ्या दिनाची फेरी यामुळं शहरातले मुख्य रस्ते अडलेले असतात. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असलं की हायवेवर मोर्चे आणि बंदोबस्त. या तारखांच्या आसपास शक्यतो तिकीट घेऊ नका. घ्यावंच लागलं तर त्या दिवशी घरातून नेहमीपेक्षा दोन तास आधी निघा.

पायरी २ : तिकीट खरंच एक आहे का, ते तपासा

सगळ्या लेखात हीच पायरी सावकाश वाचा.

सांबरा ते हैदराबाद, हैदराबाद ते दोहा, दोहा ते टोरांटो हे सगळं एका तिकिटावर असेल, तर सांब्र्याच्या विमानाला उशीर झाल्यामुळं हैदराबादचं चुकलं, तरी तुम्हाला टोरांटोला पोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते. पुढचं तिकीट बदलून देणं तिनं करायचं. सांबरा-हैदराबाद वेगळं काढलं आणि हैदराबाद-टोरांटो वेगळं, तर हैदराबादच्या काउंटरवर तुम्ही फक्त उशिरा आलेला प्रवासी असता. लाखभर रुपयांचं तिकीट वाया जाऊ शकतं. वेगळं काढून दोन-चार हजार वाचतात म्हणून पुष्कळ जण ही जोखीम घेतात. मी ती कुणालाही घेऊ देणार नाही, निदान त्याच दिवशीच्या जोडासाठी तरी नाहीच.

तपासायचं कसं? पहिली खूण : ज्या परदेशी कंपनीनं जायचं आहे तिच्याच वेबसाइटवर सुरुवातीचं शहर म्हणून बेळगाव टाकून बघा. शहराचं नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदललं, तरी काही साइटवर जुनंच स्पेलिंग आहे, तेव्हा दोन्ही टाका, किंवा विमानतळाचा आय-एक्स-जी हा संकेत टाका. तिथं भाडं दिसलं तर त्या कंपनीचा देशातल्या कंपनीशी करार आहे आणि तिकीट एकच निघेल. दुसरी खूण : ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. सगळ्या टप्प्यांसमोर एकच क्रमांक असेल तर तिकीट एक. टप्पे चारपेक्षा जास्त असतील तर लागोपाठचे दोन क्रमांक येतात, तेही चालतं. पण अर्ध्या टप्प्यांचे पहिले तीन आकडे एक आणि उरलेल्यांचे दुसरे असतील, तर एजंटनं एका कागदावर दोन तिकिटं छापून दिली आहेत असं समजा. वर एकच पीएनआर दिसतो म्हणून फसू नका, तो एजंटच्या यंत्रणेतला असू शकतो. बुकिंग साइटवर ‘सेल्फ ट्रान्स्फर’ (म्हणजे विमान बदलण्याची जबाबदारी तुमची) असे शब्द दिसले तर ते स्वस्त तिकीट तिथंच सोडून द्या.

एकाच तिकिटाचा एक कडक नियमही आहे आणि आपल्याकडं तो फार महत्त्वाचा ठरतो. पहिला टप्पा तुम्ही न सांगता गाळला, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. समजा, सांब्र्याचं विमान रद्द झालं आणि तुम्ही घाईनं गाडी काढून थेट मुंबईला निघालात. कंपनीच्या नोंदीत तुम्ही ‘आलाच नाहीत’ असं पडलं, तर मुंबईत पुढच्या विमानात बसू देणार नाहीत. म्हणून गाडी काढण्याआधी कंपनीशी बोला, ‘मी मुंबईहून पुढं जातो, पहिला टप्पा काढून टाका’ असं सांगा आणि बदललेलं तिकीट ईमेलवर आल्यावरच निघा.

तिकीट काढून झालं की काम संपत नाही. प्रवासाच्या आधीच्या महिन्यांत कंपन्या वेळा बदलतात. अडीच तासांचा जोड बदलून पन्नास मिनिटांचा होतो आणि ईमेल न वाचलेल्या ढिगात पडून राहतं. महिन्यातून एकदा आणि शेवटच्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी बुकिंग उघडून वेळा पाहा. वेळ कंपनीनं बदलली असेल तर दुसरं सोयीचं विमान जादा पैसे न देता मागायला संकोच करू नका.

पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आपल्याकडं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात एकाच रकान्यात असतं, तेव्हा तिकिटावरही ते तसंच घाला. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा.

पायरी ३ : दोन विमानांत किती वेळ

प्रत्येक विमानतळासाठी कमीत कमी किती वेळाचा जोड विकायचा हे ठरलेलं असतं. एका तिकिटात संगणक त्याहून कमी देत नाही. पण तो आकडा चपळ माणसाचा आणि सगळं वेळेवर चालल्याचा. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या आईचा तो नाही.

माझे अंदाज असे : सांब्र्याहून एकाच तिकिटावर येऊन देशातच परदेशी विमान गाठायचं असेल तर किमान चार तास. दुबई, दोहा, अबुधाबी अशा ठिकाणी परदेशी ते परदेशी बदल असेल तर अडीच ते तीन. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरून पुढं देशांतर्गत विमान घ्यायचं असेल तर निदान साडेतीन, कारण तिथं इमिग्रेशन, बॅग उचलणं, कस्टम्स, बॅग पुन्हा देणं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी, सगळं त्या वेळात बसवायचं असतं. अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन अबुधाबीतच होतं, म्हणजे पलीकडं उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. जाणारा म्हातारा एकटा असेल तर या एका कारणासाठी थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

तिकिटं वेगवेगळी असतील तर तासांत मोजूच नका. आदल्या दिवशी पोचा.

तारखेचा घोळ हा शिकलेल्या माणसांचाही होतो. १५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री नऊच्या आत विमानतळावर हजर राहायचं. बेळगावहून रेल्वेनं निघणार असाल तर १४ च्या पहाटे, किंवा १३ च्या रात्री. कॅलेंडरवर विमानाची नाही, घर सोडायची वेळ लिहा.

आणि शहर एक, विमानतळ दोन, हेही तपासा. इस्तंबूलला दोन आहेत, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्कला केनेडी आणि नुवर्क, टोकियोला नारिता आणि हानेदा. एकावर उतरवून दुसऱ्यावरून चढवणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो आणि टॅक्सीचं भाडंही चांगलंच बसतं.

पायरी ४ : नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागू शकतो

आखाती विमानतळांवर आतल्या आत विमान बदलायला भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागत नाही. अमेरिकेत मात्र नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच, तिथं आतल्या आत बदलण्याची सोयच नाही. कॅनडामार्गे आणि ब्रिटनमार्गे जातानाही ट्रान्झिट व्हिसाची अट आहे. काही देशांचा वैध व्हिसा हातात असेल तर त्यातून सूट मिळते. युरोपातल्या देशांचे नियम अलीकडं बदलत आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं पान उघडून वाचा. युरोपातच दोनदा विमान बदलत असाल, म्हणजे फ्रँकफर्टला उतरून तिथून पॅरिस आणि मग पुढं, तर फ्रँकफर्ट-पॅरिस हा शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, अंतर्गत प्रवास धरला जातो आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो.

दहावी न झालेला माणूस नोकरीसाठी आखातात जात असेल आणि पासपोर्टवर ‘ईसीआर’ (इमिग्रेशनची तपासणी आवश्यक) अशी नोंद असेल, तर सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावरची मंजुरी आधी लागते. ती नसेल तर तिकीट आणि व्हिसा असूनही भारतातल्या इमिग्रेशनवरच अडवतात.

पायरी ५ : सामान

देशातल्या विमानात सर्वसाधारणपणे १५ किलो सामान चालतं. अमेरिका-कॅनडाच्या तिकिटावर बऱ्याचदा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. तिकीट एक असेल तर बहुधा मोठी सवलत सांब्र्यापासूनच लागू होते. वेगळी असतील तर सांब्र्यालाच जादा तीस किलोचे पैसे मोजावे लागतात. वेगळं काढून जे वाचवलं ते इथं जातं. सांब्र्याला लहान विमानं येतात, डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात आणि मोठी केबिन बॅग दाराशीच काढून विमानाच्या पोटात टाकायला सांगतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, व्हिसाचे कागद, दागिने आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे बॅग द्यावी लागली तरी ती पिशवी खांद्यावर राहील.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच चालत नाही. हातातही १०० वॉट-तासांपर्यंतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे चालते, पण तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली हवी. विमानात ती वापरायला अनेक कंपन्यांनी आता बंदी घातली आहे.

चेक-इन करताना बॅगेला लावलेल्या पट्टीवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. तिथं शेवटच्या शहराचा संकेत असेल तर बॅग थेट जाणार, फक्त अमेरिकेत वर सांगितल्याप्रमाणे ती मध्ये उचलून पुन्हा द्यावी लागते. बी-ओ-एम किंवा एच-वाय-डी असेल तर मुंबईत किंवा हैदराबादेत ती उचलावी लागेल. पट्टीच्या पावतीचा आणि बॅगेचा फोटो काढून मुलांना पाठवा.

आता फराळाचा विषय, कारण आपल्या बॅगांत कपड्यांपेक्षा तोच जास्त असतो. खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे आणि तिथं ती अमली पदार्थात मोजतात. अनारशांवर खसखस असते, घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही असते. बॅग दुबईत फक्त बदलणार असली तरी ही जोखीम घेऊ नका, मसाला बिनखसखशीचा करून घ्या. गोकाकचा करदंट नेताना दुकानात त्यात काय काय आहे ते विचारा. कुंदा दुधाचा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. ऑस्ट्रेलियात अर्जावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावाच लागतो, लपवला तर जबर दंड. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भारतातच चेक-इन बॅगेतून काढून ठेवतात, कारण खोबरं पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं. मिरचीचं लोणचं आणि तिखट हातातल्या बॅगेत अडवतात, ते दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत टाका. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, चिवडा, शेव हे वाटेत खायला उत्तम. उतरण्याआधी संपवा.

पायरी ६ : आईवडील एकटे जाणार असतील तर

व्हीलचेअर मागायला लाजू नका. चालता येतं म्हणून नको म्हणणारे वडील मोठ्या विमानतळावर दीड-दोन किलोमीटर चालून आणि दोन तास उभे राहून थकतात. ती तिकीट काढताना, निदान ४८ तास आधी, प्रत्येक टप्प्यासाठी मागावी लागते. एका टप्प्याला मागितली की सगळीकडं आपोआप मिळत नाही. चढताना दारात ‘पुढच्या ठिकाणीही हवी’ असं सांगायला शिकवा. ढकलणारा माणूस गेटवर सोडून जाणार असेल, तर गेट क्रमांक कागदावर लिहून घ्यायला सांगा.

मोबाइलवर सगळं आहे हे पुरेसं नाही. बॅटरी संपते, स्क्रीन लॉक होते, घाबरल्यावर काही सापडत नाही. एका पारदर्शक फाइलमध्ये क्रमानं कागद लावा : तिकीट, व्हिसा, परतीचं तिकीट, विमा, मुलाचा पत्ता आणि फोन, औषधांची चिठ्ठी. सगळ्यांत वर एक पान असू द्या. त्यावर त्या देशाच्या भाषेत किंवा इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चारच ओळी : मी मराठी, कन्नड आणि हिंदी बोलतो, मला या क्रमांकाच्या विमानानं या शहराला जायचं आहे, कृपया मला गेटपर्यंत पोचवा, अडचण आल्यास या नंबरवर फोन लावा. ते पान दाखवलं की बोलावं लागत नाही. सांब्र्यापासून टोरांटोपर्यंत कन्नड-मराठी बोलणारा एखादा सहप्रवासी भेटतोच असं नाही.

फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून द्या, निदान ओटीपी येण्यापुरतं. विमानतळांच्या फुकट वायफायला कुठं कुठं ओटीपी लागतो, त्यामुळं त्याच्यावर विसंबू नका. यूपीआय बाहेर चालेल असं धरू नका. थोडे डॉलर किंवा युरो सुट्या नोटांत द्या.

शाकाहारी जेवण तिकिटावर आधी नोंदवा. हिंदू शाकाहारी आणि जैन असे वेगळे प्रकार असतात. वाटेत विमान बदलून दुसरं मिळालं की ही नोंद बहुधा गळते, त्यासाठीच पिशवीत भाकरी-चटणी हवी.

पायरी ७ : जोड चुकलाच तर

विमानातच उशीर कळला तर केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना सांगा, पुढचं विमान अमुक वाजता आहे. पुष्कळदा पुढं बसवून आधी उतरवतात. उतरल्यावर इमिग्रेशनमधून बाहेर पडू नका, आधी त्या कंपनीचा ट्रान्स्फर डेस्क गाठा. रांग मोठी असेल तर रांगेत उभं राहूनच घरच्यांना भारतातून कंपनीच्या नंबरवर फोन लावायला सांगा आणि ॲपही उघडून ठेवा. तिन्हींतलं जे आधी लागेल ते.

डेस्कवर चार गोष्टी मागा : पुढच्या विमानाचं पक्कं तिकीट, जेवणाचं कूपन, रात्र काढावी लागणार असेल तर हॉटेल आणि त्यासाठी लागणारा प्रवेशव्हिसा, आणि उशिराचं कारण लिहिलेलं पत्र. हे पत्र विम्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी लागतं आणि नंतर मिळवणं अवघड जातं. आवाज चढवून काही होत नाही, पण ‘मी एकाच तिकिटावर आहे’ हे वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणा. त्यातच तुमचा हक्क आहे.

हक्क कोणते? भारतात विमानाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतलं तुम्ही निवडायचं. विमान रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही तर, वादळासारखं हाताबाहेरचं कारण नसल्यास, उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात आहे. युरोपीय संघातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला, आणि तिकडं जाणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानाला, तिथला कायदा लागू होतो. शेवटच्या ठिकाणी ३ तासांहून उशिरा पोचलात आणि दोष कंपनीचा असेल, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच बॅगेच्या काउंटरवर तक्रारीचा अर्ज भरा. ‘पीआयआर’ म्हणतात त्याला. त्याचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या माँट्रियल करारानुसार बॅग फुटली-फाटली असेल तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. तोवर घेतलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या जपा.

शरीराकडंही पाहावं लागतं. चार तासांहून जास्त वेळ बसून राहिलं की पायांच्या नसांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर तासा-दीड तासानं उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, आणि आधीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घाला. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका, तिथं ते गोठून बिघडू शकतं. डोसच्या वेळा कुठल्या घड्याळाप्रमाणे पाळायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पायरी ८ : परतीचा प्रवास

येताना नियम उलटा असतो आणि इथं खूप जण गोंधळतात. बॅगेच्या पट्टीवर आय-एक्स-जी असं लिहिलेलं असलं, तरी भारतात पहिल्यांदा जिथं उतराल तिथं साधारणपणे बॅग उचलून कस्टम्समधून स्वतः न्यावी लागते आणि मग देशातल्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. बॅग सरळ सांब्र्याला जाईल असं समजून पुढं निघालात तर ती मुंबईच्या पट्ट्यावर फिरत राहील. यासाठी परतीच्या जोडातही चार तास हवेत.

नेहमी परदेशी जाणाऱ्यांनी सरकारच्या ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’मध्ये मोफत नोंदणी करून घ्यावी. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली इथं तिची वेगळी दारं आहेत आणि तिथली रांग लवकर सरकते.

सांब्र्याचं विमान चुकलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहत खुर्चीत रात्र काढण्याआधी बाकीचे रस्ते मोजा. बेंगळुरूला दुपारी उतरला असाल तर रात्रीची राणी चन्नम्मा मिळू शकते. तिचं परत करता येणारं तिकीट आधीच काढून ठेवायला फार पैसे लागत नाहीत. मुंबईला उतरलात तर रात्रीच्या खासगी बसगाड्या पहाटे बेळगावात आणतात. फक्त हा शेवटचा टप्पा गाळत असल्याचं कंपनीला कळवा, आणि बॅग आधीच पुढच्या विमानाला दिली असेल तर ती परत मागून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.